जुन्या फाइलची वकिली मी सोडली

एक्सेलची फाइल बाहेर पाठवायची असेल तर ती ‘एक्सेल 97-2003’ याच प्रकारात सेव्ह करावी, असा माझा वर्षानुवर्षं आग्रह होता. सुरतजवळच्या इच्छापोरला हिऱ्यांच्या मालाचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला त्यात शहाणपण वाटणं साहजिक होतं. इथल्या जेम अँड ज्वेलरी पार्कमधल्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, तरी वराछ्यात हिरे घासून देणाऱ्या छोट्या कारखानदाराकडे जुनाच असायचा. नव्या प्रकारची एक्सएलएसएक्स फाइल त्याच्याकडे उघडत नसे, की लगेच फोन. 97-2003 ची एक्सएलएस मात्र सगळीकडे उघडे. समोरच्याची अडचण ओळखून वागावं हा माझा खाक्या, आणि नवी आवृत्ती म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला हात, हे ठाम मत.

आता मी अगदी उलट्या बाजूला आहे.

जुन्या प्रकारात एका शीटला 65,536 ओळी आणि 256 कॉलम. हा काही कुणाचा कंजूषपणा नव्हता. फाइलमध्ये ओळीचा क्रमांक दोन बाइटांत लिहिला जाई आणि दोन बाइटांत तेवढेच क्रमांक बसतात. एक्सेल 95 मध्ये तर 16,384 ओळीच होत्या. 97 मध्ये त्या चौपट झाल्या, तेव्हा जन्माची सोय झाली असंच अनेकांना वाटलं असणार. 2007 च्या आवृत्तीत मर्यादा 10,48,576 ओळींवर आणि 16,384 कॉलमांवर गेली.

आमच्या धंद्यात पूर्वी एका पाकिटाला एक ओळ पुरायची: इतके नग, इतके कॅरेट, हा भाव. प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटची चाल आली तशी एकेका खड्याला स्वतःची ओळ मिळाली. वजन, आकार, रंग, शुद्धता, कट, सर्टिफिकेटचा नंबर. विकला गेलेला खडाही यादीतून काढत नाहीत, कारण पुढच्या खड्याचा भाव ठरवताना तोच उपयोगी पडतो. अशा यादीला 65,536 ओळी कितीशा पुरणार?

तरीही यादी फुगली म्हणून माझं मत बदललं नाही. दोन शीट करा, असं मी म्हणतच होतो. मत बदललं ते ऑक्टोबर 2020 मध्ये, इंग्लंडमधल्या एका प्रकरणामुळे. पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे प्रयोगशाळांकडून करोना चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत येत. तिथे ते ज्या साच्यात भरले जात, तो एक्सएलएसचा होता. एका रुग्णाला अनेक ओळी लागत, म्हणून साधारण 1,400 रुग्णांतच साचा भरे आणि पुढचे गळून जात. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबरचे 15,841 बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांचा निकाल त्यांना कळला होता. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध मात्र लांबला.

मर्यादा फाइलच्या प्रकारात असते, हे मी तोवर नीट लक्षातच घेतलं नव्हतं. नव्याकोऱ्या एक्सेलमध्ये एक्सएलएस उघडा, वर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ दिसेल आणि शीट 65,536 व्या ओळीला संपेल. मोठी यादी जुन्या प्रकारात सेव्ह करू गेलात तर एक्सेल इशारा देतं खरं, पण घाईत ‘कंटिन्यू’ दाबणारे आपणच. आणि एखादा प्रोग्रॅम परस्पर माल भरत असला, तर इशारा वाचणार कोण?

सगळ्यांकडे उघडणारी फाइल म्हणजे सगळ्यांत दुबळ्याला पेलेल तेवढीच फाइल. ज्याच्याकडे ती उघडत नाही तो निदान फोन करतो. जिची शेपटी तुटली आहे अशी फाइल ज्याच्याकडे सुरळीत उघडते, तो कशाला करील?

मग वराछ्यातल्या कारखानदाराचं काय? त्याला माझी अख्खी यादी कधीच नको होती. त्याच्या पाकिटांपुरत्या ओळी दिल्या की झालं. खिशाची तक्रारही आता टिकत नाही. एक्सएलएसएक्स 2008 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, फुकटच्या लिब्रेऑफिसमध्येही ती उघडते.

तुमच्याकडे जुन्या एक्सएलएस फाइली पडून असतील, तर एकदा उघडून कंट्रोल आणि एंड दाबा. शेवटची ओळ नेमकी 65,536 वी निघाली, तर मूळ यादी कुठे आहे ते आजच शोधा.