अण्णांसाठी भावलीचा रस्ता

अण्णांचं घराबाहेर पडणं बंद झालं त्याला हा दुसरा पावसाळा. गुडघे गेले आणि आमचं घर पडलं पहिल्या मजल्यावर. कसारा-इगतपुरी घाटात त्यांनी वर्षानुवर्षं बँकर इंजिन चालवलं. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ही इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. जुलैतल्या एका सकाळी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत ते म्हणाले, “भावलीचे धबधबे सुरू झाले असतील.” मी ठरवलं, तो रस्ताच घरी आणायचा.

पुतण्याचा छोटा कॅमेरा होता. तो जीपच्या कॅरिअरवर बसवायचा. व्हॅक्यूमच्या वाटीने चिकटणारे स्टँड मिळतात, पण आमच्या पावसात ओल्या पत्र्यावर त्यांचा भरवसा वाटेना. सायलेन्सरला लावतात तसे दोन यू-क्लॅम्प आणले, त्यावर लोखंडी पट्टी, आणि पट्टीला दीड फुटाचा दांडा वेल्डिंग करून घेतला.

बोल्टनेच अर्धा दिवस खाल्ला. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची बोल्ट लागतो, इंचाला वीस आटे. माझ्याकडचा होता सहा एमएमचा. दिसायला तसाच. दीड-दोन फेरे गेला आणि अडकला. पाना लावला असता तर कॅमेऱ्याचे आटे गेले असते. हार्डवेअरच्या दुकानातल्या जुन्या डब्यात पाव इंची सापडला; तो नुसत्या बोटांनी सरसर आत गेला.

सगळं मजबूत आवळून एक फेरी मारली. घरी येऊन बघतो तर झाडं, विजेचे खांब, रस्ता, सगळं वितळल्यासारखं हलतंय. असे कॅमेरे आख्खं चित्र एकदम टिपत नाहीत, वरून खाली एकेक ओळ टिपत जातात. आमचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के. वरची ओळ एका जागी, खालची दुसरीकडे.

अण्णा म्हणाले, “पाण्यातून बघतोय असं वाटतंय. कसं बांधलंस?”

“एकदम घट्ट.”

“मग थरथर जाईल कुठे? अरे, रूळ आणि स्लीपरच्या मध्ये रबर कशाला घालतात?”

त्यांनी ते लोखंड वर मागवलं, मांडीवर घेतलं आणि दांड्याच्या टोकावर चमचा हाणला. कितीतरी वेळ ते घुमत राहिलं. “लांब झालाय. काप.” दांडा चार बोटांवर आणला. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, तिचे तुकडे पट्टीखाली घातले. तरी थरथर निम्मीच गेली. बोल्ट लोखंडाला लोखंड जोडतच होता ना! मग बोल्टलाही ट्यूबची बाही चढवली, डोक्याखाली रबराचा वायसर घातला. रबर असलं की नट पुरता आवळता येत नाही, तो सुटू नये म्हणून वर चेकनट. शिवाय कॅमेऱ्याला नायलॉनची दोरी हवीच, हा अण्णांचा हट्ट. मागच्या माणसाच्या काचेवर तो जाऊन आपटला तर?

रविवारी पहाटे भावली धरणाच्या रस्त्याला लागलो. आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद. डोंगरावरून पांढऱ्या धारा. मी वीसच्या वर गाडी नेली नाही.

संध्याकाळी अण्णांनी अख्खा पाऊण तास बघितलं. चित्र जागच्या जागी होतं, फक्त खड्ड्यांत डुलायचं. अधूनमधून काचेवर थेंब येई तेव्हा ते नकळत हात पुढे करत, पुसायला. शेवटी गाडी गावात शिरली आणि पावसाच्या आवाजात, लांबून, इंजिनाची शिट्टी आली. मी जीप चालवताना ती ऐकलीही नव्हती.

“घाट चढून आलीय,” अण्णा म्हणाले. “मागे घे जरा. पुन्हा लाव.”