आभाळातलं लोखंड

"मावशी, हे लोखंड आहे," भाचा म्हणाला, आणि मी किमतीची चिठ्ठी पुन्हा वाचली. जिनिव्हातल्या दुकानात मखमलीवर रोलेक्स डेटोना ठेवली होती. राखाडी तबकडीवर आडव्यातिडव्या चंदेरी रेघा, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा. किमतीत गावाकडे बरं घर झालं असतं. माझ्या मनगटावर एचएमटी, तीही आईची. घड्याळ वेळ दाखवतं, एवढंच माझं ज्ञान.

दुकानदार सांगू लागला. हे नामिबियातल्या गिबिऑन अशनीचं लोखंड. इतिहासपूर्व काळी ती आभाळात फुटली आणि तिचे तुकडे पावणेतीनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले. त्यात सुमारे आठ टक्के निकेल आहे. "मग गंजत नसेल?" मी विचारलं. गंजतं म्हणे! म्हणून पुष्कळ कंपन्या वर ऱ्होडियमचा मुलामा देतात. आभाळातून आलं तरी लोखंड ते लोखंडच.

रेघा मात्र कोरलेल्या नाहीत, हे पचायला वेळ लागला. एखाद्या लघुग्रहाच्या पोटातला वितळलेला धातू लाखो वर्षं सावकाश निवत गेला. निवताना कमी निकेलचा आणि जास्त निकेलचा असे दोन धातू वेगळे होऊन पट्ट्यापट्ट्यांनी वाढले. इतकं सावकाश निववणं कुठल्याच कारखान्याला परवडणारं नाही. काप घेऊन, घासून, आम्लात बुडवला की ही जाळी उमटते. नेपल्समध्ये विल्यम थॉमसननं ती 1804 मध्ये पाहिली, गंज काढायला आम्ल लावताना. नाव मात्र लागलं व्हिएन्नाच्या विडमनश्टेटेनचं. त्यानं 1808 मध्ये काप ज्योतीवर तापवून पाहिला होता.

मी सवयीनं विचारलं, "तबकडीत अशनी किती ग्रॅम?" सोनं घेताना आपण विचारतो, तसं. दुकानदार गोंधळला. भाचा हसला, पण प्रश्न बरोबर होता. गिबिऑनचा साधा काप संग्राहकांकडे या घड्याळाच्या किरकोळ अंशात मिळतो. बाकीचे पैसे सोन्याचे, यंत्राचे, नावाचे. थोडे मजुरीचेही, कारण पातळ काप भोकं पाडताना तडकतो आणि पुष्कळ माल वाया जातो.

मला जहांगीर आठवला. 1621 मध्ये जालंधरजवळ अशनी पडली, तेव्हा त्यानं तिच्या लोखंडाची पाती करवून घेतली. नुसतं ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, म्हणून तीन भागांत एक भाग साधं लोखंड मिसळलं. त्यातली एक सुरी आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. बादशहाचा शौक मला पटतो: सुरी निदान कापते तरी.

तरीही कुणाला घ्यायचंच असेल, तर भाच्यानं शिकवलेली एक गोष्ट सांगते. स्वस्तातल्या नकली घड्याळांत ही जाळी नुसती छापलेली असते. खऱ्या अशनीचे दोन काप सारखे निघत नाहीत. म्हणून एकाच मॉडेलची दोन घड्याळं शेजारी ठेवायला सांगा. रेघा जुळल्या, तर पाकीट खिशात ठेवा आणि बाहेर पडा.