पायपुसणं

नवं पिल्लू आलेल्या घरात गेलो की मी आधी पायपुसणी उचलायला सांगतो. सगळी. न्हाणीघरापुढचं, दारातलं, हॉलमधली सतरंजीसुद्धा. ती खराब होतील म्हणून मी सांगतोय, असं घरच्यांना वाटतं. पण शू कशावर करायची, हे पिल्लाचे तळवे याच दोन-अडीच महिन्यांच्या वयात ठरवत असतात. फरशीवर शू पसरते, पायांना लागते. कापड ती शोषून घेतं, गवतही शोषून घेतं. पिल्लाच्या लेखी पायपुसणं म्हणजे घरातली हिरवळच. पंधरा दिवस तिथे केलं की पुढे ती सवय मोडायला महिने जातात.

स्वच्छतेची ओढ मात्र त्याच्यात उपजतच असते. पहिले साधारण तीन आठवडे आईनं चाटल्यावरच पिल्लाला शू होते आणि ती आईच साफ करते. पाय फुटले की पिल्लू झोपायची जागा सोडून चार पावलं लांब जाऊन बसतं. आपलं काम एवढंच, की ही ‘झोपायची जागा’ हळूहळू वाढवत अख्ख्या घराएवढी करायची. म्हणून सुरुवातीला एकच खोली द्यावी, सगळं घर मोकळं सोडू नये.

झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आणि खेळता खेळता मध्येच थांबून ते जमीन हुंगत गोल फिरू लागलं की उचलायचं आणि ठरल्या जागी न्यायचं. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी तास-दोन तासच धरवतं. झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्यायचा. घरात येऊन दिला, तर तो घरात आल्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं.

लहानपणी गावाकडे आमच्या मोत्यानं ओटीवर घाण केली, तेव्हा मोठ्यांच्या सांगण्यावरून मी त्याचं नाक त्यात घासलं होतं. त्यानंतर तो कणगीमागे लपून करायला लागला. अंगणात नेलं तरी माझ्यासमोर करेना. मला वाटायचं, हा ऐकत नाही. खरं तर तो नीट शिकला होता: माणसाच्या नजरेसमोर करणं धोक्याचं. ते त्याला मी शिकवलं. आज चाळीस वर्षांनीही कुणी पिल्लावर हात उगारला की मला ती कणगी दिसते.

शहरात आणखी एक अडचण असते. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, पार्व्हो या आजाराच्या भीतीनं पिल्लाला इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडता येत नाही. गेल्या पावसाळ्यात पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी आम्ही बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये माती आणि हिरवळ लावली. फिनेल बंद केलं. त्यानं आपल्या नाकाचं समाधान होतं, कुत्र्याला जुना वास येतच राहतो. डाग एन्झाइमच्या क्लीनरनं पुसले. खरी राखण केली घरातल्या आजींनी. नातवंडं वाढवलेली नजर ती. पिल्लू हुंगायला लागलं की हातातली भाजी खाली ठेवून त्या म्हणायच्या, “चल गं बाई, आली वाटतं.” दहाव्या दिवशी ती पोर आपणहून बाल्कनीच्या दाराशी जाऊन बसली.

पिल्लू आणणार असाल, तर पहिले पंधरा दिवस घरातलं एक माणूस त्याच्यासाठी पूर्ण मोकळं ठेवा. ते जमणार नसेल, तर रजा मिळेपर्यंत थांबा.