तीन आठवड्यांचें मिशन

परदेशांतील मिशनकार्य म्हटलें कीं जन्मभराचें काम डोळ्यांपुढें उभें राहतें. मनुष्य गलबतांत बसे, कित्येक महिन्यांनीं किनाऱ्यास लागे, वर्ष-दोन वर्षें पंतोजींपुढें बसून परक्या भाषेचीं अक्षरें गिरवी, आणि बहुधा त्याच देशाच्या मातींत विसावे. सन १८१३ मध्यें मुंबईस आलेले गॉर्डन हॉल यांचें असेंच झालें. १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस फेरीवर असतां पटकीच्या विकारानें ते वारले. मायदेश त्यांस पुन्हां दिसला नाहीं. आतांचा काळ निराळा आहे. आतां तरुण मंडळी दिवाळीच्या सुट्टींत मिशनकार्यास जातात, आणि सुट्टी संपण्यापूर्वीं घरीं परत येतात. यास कोणी अल्पमुदतीचें मिशन म्हणतात, कोणी थट्टेनें सहल म्हणतात. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अशाच कार्यास नेपाळांत जाऊन आला, त्याची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव देत नाहीं. तशी त्याची इच्छा आहे, आणि वाचकांपैकीं पुष्कळांस तें ठाऊकच आहे.

नेपाळांतील तो मोठा भूकंप सन २०१५ च्या एप्रिलच्या २५ तारखेस, दुपारीं बारा वाजण्यास चार मिनिटें असतां झाला. त्यांत सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं, आणि लाखों घरें भुईसपाट झालीं. तो दिवस शनिवार होता. त्या देशांत आठवड्याची सुट्टी रविवारीं नसून शनिवारीं असे, म्हणून तेथील ख्रिस्ती मंडळ्याही शनिवारींच उपासनेस जमत. सुट्टी असल्यामुळें शाळांच्या ज्या हजारों खोल्या कोसळल्या त्या रिकाम्या होत्या. परंतु त्याच घटकेस उपासनामंदिरें भरलेलीं होतीं, आणि त्यांपैकीं कांहीं उपासकांच्या अंगावर पडलीं. शिक्षक या नात्यानें पहिल्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावे, तों दुसरी आडवी येते. या दोहोंची सांगड मला घालतां आलेली नाहीं, आणि जे ती चटकन् घालून देतात त्यांचें मला नवल वाटतें.

आमचा हा विद्यार्थी गवंड्याचा मुलगा. त्याचे वडील दगडी बांधकामांत आमच्या भागांत नांवाजलेले. सन १९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाल्यावर ते तिकडे पुनर्बांधणीच्या कामावर कित्येक महिने राहिले होते. मुलगा मात्र बी. कॉम. होऊन एका दुकानांत हिशेब लिहूं लागला, आणि घरचा धंदा विचारला असतां 'बांधकाम' एवढेंच सांगून विषय पालटूं लागला. लहानपणीं सुट्टींत बापाच्या हाताखालीं ओळंबा धरून उभें राहणें त्यास भाग पडे, तेवढाच त्याचा त्या विद्येशीं संबंध. त्यास आवड होती ती वक्तृत्वाची. युवकसंघांत त्याचीं भाषणें चांगलीं होत, आणि नेपाळास जाऊन आपण दुःखी बांधवांस धीराचे शब्द सांगावे असें त्याच्या मनांत होतें.

नऊ तरुणांची तुकडी जाणार होती. प्रत्येकाचा खर्च बारा हजार रुपये, पैकीं निम्मा त्याच्या मंडळीनें उचलावा असें ठरलें होतें. हा प्रश्न आमच्या पंचांपुढें आला तेव्हां एका वृद्ध पंचांनीं स्पष्ट विरोध केला. ते म्हणाले, "मास्तर, पोरें पाठवूं नका, पैसे पाठवा. किल्लारीस मीं पाहिलें आहे. मदतीस आलेल्यांच्या राहण्याजेवणाची सोय करतां करतां आम्ही थकलों, आणि ज्यांचें घर गेलें होतें ते झाडाखालींच बसून होते." मुलाच्या वडिलांचें म्हणणें याहून थोडक्यांत होतें. "तिकडं दगड उचलायला माणसं नाहीत का? आन् ह्यानं इथं तरी कधी उचलला?"

वृद्ध पंचांच्या बोलण्यास आधार नव्हता असें नाहीं. मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत सन १९९८ मध्यें मिच नांवाचें वादळ होऊन फार नाश झाला. तेव्हां उत्तर अमेरिकेंतील मंडळ्यांनीं आपले तरुण तेथें घरें बांधण्यास धाडिले. कर्ट व्हर बीक नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें या कार्याची पाहणी करून २००६ सालीं ती प्रसिद्ध केली. विमानाचें भाडें वगैरे धरून एकेका घरामागें सुमारें तीस हजार डॉलर पडले. तेंच घर तेथील ख्रिस्ती संस्था सुमारें दोन हजारांत बांधीत होती. ज्यांस घरें मिळालीं त्यांच्या जीवितांत, घर परक्यानें बांधलें कीं आपल्याच माणसानें, यावरून कांहीं अंतर पडल्याचें त्यास आढळलें नाहीं. हे आंकडे मीं पंचांपुढें ठेविले. आंकडे ऐकून सर्व स्तब्ध झाले, आणि मग त्यांनीं मुलास पाठविण्याच्या बाजूनें मत दिलें! सभांचें असेंच असतें. वृद्ध पंचांनीं विरोध कायम ठेवून स्वतःच्या खिशांतून पांचशें रुपये दिले.

नोव्हेंबरच्या आरंभीं तुकडी निघाली. भारतीय मनुष्यास खुष्कीच्या मार्गानें नेपाळांत जाण्यास परवान्याची गरज नसते, मतदाराचें ओळखपत्र पुरतें. आणि सरहद्द ओलांडल्यावर घड्याळ पंधरा मिनिटें पुढें करावें लागतें. परंतु त्या वर्षीं ही सरहद्द इतकी सोपी नव्हती. २० सप्टेंबर रोजीं नेपाळची नवी राज्यघटना अंमलांत आली, तिजविरुद्ध तराईंत चळवळ उठली, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढील फेब्रुवारीपर्यंत भारतांतून जाणारा माल नाक्यानाक्यावर अडून राहिला. आपण नाकेबंदी केलेली नाहीं असें भारत सरकारनें सांगितलें. नेपाळी जनतेचा त्यावर विश्वास बसला नाहीं. पेट्रोल नाहीं, स्वयंपाकाचा गॅस नाहीं, औषधांची टंचाई, आणि वर थंडी. अशा वेळीं भूकंपानें उघड्यावर पडलेल्या गांवीं नऊ भारतीय तरुण धीर देण्यास चालले होते. गोरखपूर व सुनौलीवरून काठमांडूस जातांना बसमधील एका म्हाताऱ्यानें त्यांस हिंदींत विचारलें, "गॅस आणला का?" त्याचा हा विनोद होता कीं राग, हें आमच्या विद्यार्थ्यास अजून उमगलेलें नाहीं.

गांव धादिंग जिल्ह्यांत, डोंगराच्या उतारावर; वस्ती तामांग लोकांची. मोटारीचा रस्ता संपल्यावर दोन तासांची चढण. मंडळीचे पाळक व त्यांच्या पत्नी यांनीं 'जयमसीह' म्हणून स्वागत केलें, आणि पत्र्याच्या ज्या खोपटांत तीं उभयतां आपल्या मुलांसह राहत होतीं तें पाहुण्यांस देऊन स्वतः गोठ्याशेजारीं ताडपत्री बांधली. नको नको म्हटलें तरी ऐकिलें नाहीं. चुलीस लाकूड; तें आणावयास मुली पहाटे रानांत जात. दोन्ही वेळां डाळभात. तिसऱ्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यानें कोपऱ्यांतील पोतें पाहिलें, तेव्हां आपण जेवतों तो तांदूळ भूकंपग्रस्तांस वांटलेल्या मदतीचा आहे हें त्यास समजलें. तुकडीच्या पुढाऱ्यानें खालच्या बाजारांत जाऊन महागामोलाचें एक पोतें खरेदी करून आणलें. त्या संध्याकाळीं पाळक कोणाशीं बोलले नाहींत. पाहुण्यानें यजमानाच्या घरीं धान्य आणून टाकावें, हा अपमान आपल्याकडेही कोणी सहन केला नसता.

लिपि मात्र ओळखीची. शनिवारच्या उपासनेंत त्यास शास्त्रवाचनाचा मान मिळाला. नेपाळी भाषेंतील संपूर्ण पवित्र शास्त्र १९१४ सालीं, मुख्यतः दार्जिलिंगचे पाळक गंगाप्रसाद प्रधान यांच्या दीर्घ परिश्रमानें छापलें गेलें. तेंही आपल्याप्रमाणें देवनागरींतच आहे. यानें अध्याय खणखणीत वाचला. लोकांस सर्व समजलें, आणि वाचणारास अर्धेंही समजलें नाहीं! 'घर', 'काम', 'हात' हे शब्द तेवढे मायबोलीसारखे येऊन भेटत. पुढें भाषण करण्याची त्याची पाळी होती. तें त्यानें चार वाक्यांत आटोपलें.

सामानांत नेपाळी पुस्तिकांचा एक गठ्ठाही होता. पाळकांनीं तो पाहिला व आपल्या पेटींत ठेवून दिला. नव्या घटनेंत दुसऱ्याचें धर्मांतर करण्यास मनाई आहे, हें एक कारण होतेंच. परंतु त्यांनीं सांगितलें तें निराळें. तांदूळ देतांना पुस्तक दिलें तर मनुष्य दोन्ही घेतो. पण त्यानें हात कशासाठीं पुढें केला होता हें मग आम्हांस कधींच कळत नाहीं, असें ते म्हणाले. हें ऐकून मला मसुरीच्या वुडस्टॉक शाळेंतील शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग यांची आठवण झाली. हे गृहस्थ पक्ष्यांचे अभ्यासक. नेपाळचे दरवाजे परक्यांस नुकते कोठें किलकिले होत होते, तेव्हां १९४९ सालीं पक्षी गोळा करण्यास म्हणून ते तेथें गेले. सन १९५१-५२ च्या हिंवाळ्यांत पुन्हां गेले, त्या वेळीं त्यांच्या डॉक्टर पत्नी व दुसरे एक डॉक्टर यांनीं तानसेन येथें रोगी तपासले. त्यांतून नेपाळ सरकारकडून बोलावणें आलें, आणि मार्च १९५४ मध्यें, आज आपल्या महाराष्ट्रांत असलेल्या नागपुरांत, नेपाळच्या संयुक्त मिशनची स्थापना झाली. शाळामास्तरांच्या सुट्टीचें एवढें फळ क्वचितच कोणीं पाहिलें असेल. परंतु तेथें पहिल्यानें पोंचलें तें व्याख्यान नव्हतें.

असो. तुकडीकडे काम आलें होतें तें पडलेल्या उपासनामंदिराचा ढिगारा उपसण्याचें, आणि कमरेएवढी दगडी भिंत घेऊन वर पत्रे बसविण्याचें. पहिल्या दिवशीं नऊ तरुणांचे हात सोलवटले. गांवच्या बाया कपाळावर नाम्लोचा पट्टा लावून पाठीवरील डोक्यांतून, म्हणजे बांबूच्या लांबट टोपलींतून, यांच्या दुप्पट दगड एका खेपेस नेत, आणि यांस वाटेंतून बाजूस होण्यास सांगत. पांचव्या दिवशीं कोपरा उचलूं लागला, तेव्हां आमचा विद्यार्थी थांबला. भिंतीचा बाहेरचा थर व आंतला थर यांच्यामध्यें नुसता चुरा आणि माती भरली जात होती. किल्लारीच्या भिंती अशाच फाटल्या हें त्यानें वडिलांच्या तोंडून शंभरदां ऐकिलें होतें. जमीन हलली कीं दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि आंत निजलेल्यांवर येतात. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठराविक अंतरावर घातलाच पाहिजे. गवंड्यास तेथें डकर्मी म्हणतात. त्या वृद्ध डकर्मीस तें सांगावें कसें? यानें एक लांब दगड शोधून आडवा ठेविला आणि दोन्ही हातांनीं थर आवळून धरल्याची खूण केली.

डकर्मी हंसला. याचें मनगट धरून तो यास वस्तीच्या टोंकास एका जुन्या गोठ्यापाशीं घेऊन गेला. गोठा उभा होता. त्याच्या भिंतींतून जागोजाग लांब दगडांचीं टोंकें बाहेर डोकावत होतीं. ती भिंत डकर्मीच्या आजानें रचलेली. असा दगड घडण्यास फार वेळ लागतो, मजुरी परवडत नाहीं, म्हणून पुढें लोकांनीं तो घालण्याचें सोडून दिलें, असें पाळकांनीं मागाहून उलगडून सांगितलें. दुसऱ्या दिवसापासून डकर्मी व हा मिळून टाकी-हातोडा घेऊन लांब दगड घडूं लागले. काम मंद झालें. तुकडीच्या पुढाऱ्यास तें रुचलें नाहीं. भिंत पुरी झाल्याचें छायाचित्र घेऊन जाणें त्यास आवश्यक होतें. निघण्याच्या दिवशीं भिंत गुडघ्याएवढीच झाली होती. बाकीची गांवकऱ्यांनीं पुढें पुरी केली.

घरीं आल्यावर मुलानें वडिलांस प्रथम काय विचारलें असेल? लांब दगडाचा वरचा पदर किती ठेवावा, हें! वडिलांनीं मला रस्त्यांत थांबवून हें सांगितलें, आणि सांगतांना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दुकानांतील नोकरी त्यानें सोडिली नाहीं. हिशेब तो अजून लिहितो. परंतु रविवारीं दुपारीं तो वडिलांबरोबर कामावर दिसतो.

याच्या पुढील उन्हाळा आपणां मराठवाड्यांतील लोकांस विसरतां येण्याजोगा नाहीं. सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर होतें. त्या गाडीचें चित्र फोनवरून त्या डोंगरांतील गांवींही पोंचलें. पाळकांचा एक भाचा पुण्यास उपाहारगृहांत स्वयंपाकी होता. मे महिन्यांत तो एके दिवशीं एस. टी. च्या टपावर पांचशें लिटरची पाण्याची टांकी बांधून आमच्या चर्चच्या आवारांत उतरला. मामाच्या मंडळीनें शनिवारच्या उपासनेंत आमच्यासाठीं दान जमविलें होतें. तें त्यांनीं गांवीं त्याच्या आईपाशीं दिलें, आणि तेवढ्या किंमतीची वस्तु यानें आपल्या पगारांतून येथें घेऊन द्यावी असें कळविलें. त्या लोकांच्या डोक्यावर अजून पत्रेच होते.

टांकी कोठें ठेवावी यावर पंचांत थोडी चर्चा झाली. पांचशें रुपये देणाऱ्या वृद्ध पंचांनीं ती आपल्या हातानें धुऊन काढिली. मग जडसंग्रहाच्या वहींत नोंद करण्याची वेळ आली. खजिनदारांनीं वस्तूचें नांव, आकार व तारीख लिहिली, आणि 'कोणाकडून मिळाली' या रकान्याशीं त्यांची लेखणी थांबली. त्यांनीं भाच्यास गांवाचें नांव विचारलें. त्याचा उच्चार त्यांस नीट कळेना, तेव्हां त्यानें खिशांतून मामाचें पत्र काढून पुढें केलें. पत्र नेपाळींत होतें. गांवाचें नांव वरच्या कोपऱ्यांत होतें. खजिनदारांनीं चष्मा लाविला आणि तें अक्षरशः तसेंच वहींत उतरून घेतलें.