उंबरठा उत्पादन

ॲक्च्युअरी व्हायचंय म्हटलं की हिमायतनगरात हमखास विचारतात, "म्हणजे एलआयसीचा एजंट का?" आता चिडत नाही. हप्ता किती असावा हे गणितानं ठरवणारा माणूस, एवढंच सांगतो.

नांदेडला संख्याशास्त्र शिकतोय, पण जोखीम म्हणजे काय ते कळलं बाबांच्या पीकविम्याच्या पावतीवरून. महसूल मंडळातल्या सोयाबीनच्या उत्पादनाची गेली सात वर्षं घ्यायची, त्यातल्या चांगल्या पाचांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तरानं, म्हणजे विमा जितक्या टक्क्यांची हमी देतो त्यानं, गुणायचं. हे उंबरठा उत्पादन. सरासरी हेक्टरी १० क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा ७. मंडळातल्या कापणी प्रयोगात ४ क्विंटलच निघाले, तर संरक्षित रकमेच्या तीन सप्तमांश भरपाई. पण आपलं रान बुडालं नि मंडळ तरलं, तर या हिशेबात हातात शून्य. बाबांचा राग इथंच आहे. मला तो पटतो. क्षेत्र धरून विमा द्यावा ही मांडणी साताऱ्याच्या वि. म. दांडेकरांनी १९७० च्या दशकात केली. शेताशेताचं मोजमाप परवडणारं नाही, हेही खरंच की!

तर मंडळ आणखी लहान केलं तर हप्ता किती वाढेल? हाच प्रश्न मला या धंद्यात ओढतोय.

वाट लांब आहे. बहुतेक जण नोकरी करत करत पेपर सोडवतात, त्यात वर्षं जातात. पण ॲक्च्युअरींच्या देशातल्या संस्थेची प्रवेश परीक्षा, एसीईटी, बारावीनंतरही देता येते. गणित आवडत असेल तर पदवीची वाट बघत बसू नका.