टीबीच्या जंतूची कुंडली

दिवाळी झाली की कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. असाच परतलेला एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप. मी न्यूमोनिया समजून लिव्होफ्लॉक्सासिन दिले. त्याला बरे वाटले. महिन्याभराने तो पुन्हा खोकत आला, तेव्हा कुठे मी बेडका तपासायला पाठवला. टीबी निघाला, तोही रिफॅम्पिसिनला दाद न देणारा. भट्टीवर जाताना टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्याचे त्याने तेव्हा सांगितले. आधी मी विचारलेच नव्हते.

सरकारी दवाखान्यातली सीबीनॅट तपासणी काही तासांत दोनच गोष्टी सांगते: टीबीचा जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन चालेल का. जीनोम सिक्वेन्सिंग म्हणजे जंतूची अख्खी कुंडली वाचणे. टीबीच्या जंतूची कुंडली १९९८ साली प्रथम पूर्ण वाचली गेली. त्यात सुमारे ४४ लाख अक्षरे आहेत. त्यातले एखादे अक्षर बदलले तरी एखादे औषध निकामी होऊ शकते. असे बदल पाहून कोणती औषधे चालतील याचा अंदाज येतो. पण त्यासाठी बहुधा जंतू आधी वाढवावा लागतो, आणि हा जंतू दिवसातून जेमतेम एकदा दुप्पट होतो. म्हणून रिपोर्टला काही आठवडे लागतात.

त्या तरुणाचा रिपोर्ट मुंबईहून आला. लिव्होफ्लॉक्सासिनला दाद न देणारा बदलही त्यात होता. हे औषध अवघड टीबीसाठी राखून ठेवायचे असते. एकटे दिले तर टीबी काही दिवस दबतो, निदान लांबते आणि चिवट जंतू तेवढे उरतात. हा बदल माझ्या गोळ्यांमुळेच झाला असे सिद्ध करता येणार नाही. पण नाही झाला, असेही मी म्हणू शकत नाही.

२०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतल्या तिघांना खासगी डॉक्टरांनी राखीव औषधे एकेक करून, अनेकदा चुकीच्या मात्रेत दिली होती. तो लेख मी वाचला होता. तरीही चुकलो.

तो तरुण बरा झाला, पण सहा महिन्यांऐवजी दीड वर्षाहून जास्त औषधे घेऊन.

म्हणून सांगतो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी बेडका तपासा. 'जोरदार गोळ्या' मागू नका. पूर्वी टीबीचे औषध घेतले असेल तर न लाजता सांगा. कामासाठी गाव सोडणार असाल तर आधी आरोग्य केंद्रात कळवा. तुमचे उपचार तिकडे वर्ग करता येतात, आणि सरकारी औषधे मोफत आहेत.