उन्हाळ्यातली उमेदवारी

एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, आता चार श्रेयांकांचे एक नवे काम आले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ते सुरू झाले. त्याला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा ‘क्षेत्रीय प्रकल्प’ म्हणतात. ‘आंतरवासिता’ हाही शब्द कानांवर येतो. चार श्रेयांक म्हणजे एकशे वीस तास. वाणिज्यचा विद्यार्थी पतसंस्थेत जातो, विज्ञानाचा प्रयोगशाळेत. मराठीच्या विद्यार्थ्याने कुठे जायचे? वृत्तपत्राचे कार्यालय, ग्रंथालय, मुद्रितशोधन ही नेहमीची उत्तरे. आमच्या विभागात आम्ही त्यांत आणखी एका उत्तराची भर घातली. जातीच्या दाखल्यावाचून अडलेल्या भटक्या-विमुक्त कुटुंबांसाठी धावपळ करणारे काही कार्यकर्ते सांगली जिल्ह्यात आहेत. गेले दोन उन्हाळे आमचे काही विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करीत आहेत. त्या कामाविषयी थोडे लिहावेसे वाटते.

प्रथम शब्दाविषयी, मराठीच्या शिक्षकाला तेवढी मुभा असावी. या प्रकाराला आपल्याकडे एक जुना शब्द होता : उमेदवारी. कचेरीत जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. निवडणुकांनी तो शब्द पळवला आणि त्यातला ‘बिनपगारी’ हा अर्थ लोकांच्या विस्मरणात गेला. माझ्या मते तो विसरण्यासारखा नाही. पुढे त्याच्याकडे यावेच लागेल.

आमचे विद्यार्थी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ अभ्यासतात. १९८० साली आलेले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे हे आत्मकथन सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून निघालेले. वर्गात आपण त्याची भाषा पाहतो, निवेदन पाहतो, ‘अनुभवाची दाहकता’ नावाचे एक उत्तर लिहून घेतो. दहा गुणांचा प्रश्न असतो. पण त्याच समाजातले कुटुंब आज तहसील कार्यालयाच्या पायरीवर कशासाठी बसले आहे, याचे उत्तर त्या दहा गुणांत येत नाही. ते एका तारखेत आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंबाचे महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हे वर्ष १९५० आहे, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७. ज्याची पिढीजात जमीन आहे, त्याला सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला यांतून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा आजोबा सापडतो. ज्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते, त्याने आजोबा कुठून आणायचा? १८७१ मध्ये सुरू झालेले गुन्हेगार जमातींचे कायदे १९५२ साली रद्द झाले. तोवर यांतल्या काही जमातींची सरकारदरबारी नियमाने हजेरी लागत होती. त्यांच्याच नातवंडांना आज ‘तुम्ही इथेच होतात कशावरून’ असे विचारले जाते.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याचा उपयोग काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी आम्हाला सहकाऱ्यांनीच विचारला होता. उत्तर मिळाले ते अभिलेख कक्षात. गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘कोतवाल बुक’, हे गावातल्या जन्ममृत्यूंचे जुने नोंदपुस्तक. त्यात जातीचा रकाना असतो. आणि जुनी पुस्तके मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढा भाव आला, हे आपण पाहिलेच. आमच्या विद्यार्थ्यांपैकी तिघींनी हौसेने मोडी शिकून घेतली होती. हौस म्हणूनच, कारण तिला अभ्यासक्रमात जागा नव्हती. त्या तिघी त्या उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या पानांवर वाकून बसल्या.

हे वाचन वर्गातल्या वाचनासारखे नसते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. बापाचे नाव, पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आणि जात. तीही कोतवालाला ऐकू आली तशी. एकाच कुटुंबातल्या दोन भावांची जात दोन प्रकारे लिहिलेली सापडते, कारण एका गावात ती धंद्यावरून लिहिली, दुसऱ्या गावात बोलीवरून. पाठचिकित्सेच्या तासाला आपण हस्तलिखितांतले पाठभेद शिकवतो आणि मुले जांभया देतात. इथे एका पाठभेदावर कोणाच्या तरी नातीचे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नर्सिंगचा प्रवेश अडलेला होता. कोणी जांभई दिली नाही.

एका अर्जाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी लहानपणी चार महिने शाळेत काढले होते. रजिस्टर शोधले, नाव मिळाले, जातही मिळाली. पण तिथे जिल्हा होता दक्षिण सातारा. अर्ज पाहणाऱ्या लिपिकाला हा जिल्हा ठाऊक नव्हता. सातारा वेगळा, सांगली वेगळी, तेव्हा पुरावा बाहेरचा, असे त्याचे म्हणणे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुना सातारा जिल्हा विभागला गेला, दक्षिणेकडच्या भागाला दक्षिण सातारा म्हणू लागले आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले, हे आमच्या विद्यार्थिनीने एका कागदावर लिहून दिले. अर्ज पुढे सरकला. म्हातारबुवा कार्यालयाबाहेर एवढेच म्हणाले, ‘‘पोरी, नाव हाय ना माझं त्यात?’’ चार महिन्यांच्या शाळेचे त्यांना काही आठवत नव्हते. मास्तरांनी नाव लिहिले होते, एवढे मात्र पक्के होते.

रजिस्टरातल्या एका ओळीचे मोल सातारकरांना सांगायला नको. आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. १९१४ क्रमांकाची ती नोंद शाळेने जपली आहे, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हा मुलगा भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ही हकीकत लिहिली आहे. आमचे विद्यार्थी मसूरवरूनच एसटीने जातात. त्यांना ती वाचायला सांगते. त्यावर प्रश्न काढत नाही.

शोधूनही काहीच सापडत नाही, अशी कुटुंबे मात्र अधिक. जन्म रस्त्यात, दोन गावांच्या शिवेवर. दोन्ही कोतवालांनी ते मूल आपले मानले नाही. कागद नसतील तर स्थानिक चौकशी करूनही दाखला देता येतो. पण चौकशी करायला कोणीतरी पालांपर्यंत जावे लागते आणि शेजारच्या गावाने ‘होय, हे लोक इथलेच’ असे म्हणावे लागते. ते म्हणायला गावे सहसा तयार नसतात. कोणत्या जत्रेला पाल कुठे पडे, कोणत्या पाटलाच्या बांधावर म्हातारी वारली, हे तपशील विद्यार्थ्यांनी ऐकून, तारखांशी ताडून, जबाबाच्या रूपात लिहिले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ऐकता येते आणि ऐकलेले न सजवता लिहिता आले तर तो कामाचा ठरतो. सजावटच काढून टाकायला जास्त वेळ लागला. पहिल्या आठवड्यातल्या टिपणांत ‘डोळ्यांत दाटलेले आभाळ’ फार होते.

अहवालाच्या ठरावीक नमुन्यात एक रकाना आहे : लाभार्थी. ज्याला स्वतःचा हक्काचा कागद मिळवायला सहा फेऱ्या माराव्या लागल्या, तो कसला लाभार्थी? मुलांनी तिथे ‘अर्जदार’ लिहिले. नमुन्यात ते बसत नाही, अशी कुरकुर झाली, बसवले. जिओ-टॅग केलेली छायाचित्रेही लागतात. पालातल्या बायकांनी फोटोला नकार दिला, तेव्हा मुलांनी अभिलेख कक्षाच्या दाराचा फोटो जोडला. असो.

आता त्या ‘बिनपगारी’ शब्दाकडे येते. पहिल्या उन्हाळ्यात या कामासाठी जी नावे आली, ती पाहून मी थबकले. बहुतेक मुले पगारदारांच्या घरची. ज्यांच्या समाजाचा हा प्रश्न, त्या घरांतला एकच मुलगा, आणि तोही चौथ्या दिवसापासून येईनासा झाला. बोलावून विचारले तर म्हणाला, ‘‘मॅडम, आई तासगावला बेदाणा निवडायला जाते. मी केटरिंगला जातो. लग्नसराई सोडली तर पुढच्या वर्षाची फी कशातून भरू?’’ एकशे वीस तास म्हणजे त्याच्या हिशेबाने पंधरा दिवसांची मजुरी. शिवाय एसटीचे भाडे. २०२३ पासून मुलींना ते अर्धे, त्याला पूर्ण. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवकांसाठी विद्यावेतनाची कार्यप्रशिक्षण योजना आणली, परंतु शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही.

हा पेच आपल्यापुरताच नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात काळ्या नागरिकांची मतदार नोंदणी करायला हजाराच्या आसपास स्वयंसेवक गेले. बहुतेक उत्तरेकडचे गोरे विद्यार्थी. खर्च ज्याचा त्याने करायचा, वर अटक झाल्यास जामिनासाठी पाचशे डॉलर जवळ बाळगायचे. म्हणजे निवड आपोआपच खिशाने केली. कामही ओळखीचे वाटेल : अर्ज भरणे. त्या अर्जात राज्यघटनेच्या एका कलमाचा अर्थ निबंधकाचे समाधान होईल असा लिहावा लागे. सुमारे सतरा हजार लोकांनी प्रयत्न केला, सोळाशेंच्या आसपास अर्ज मान्य झाले. जून महिन्यात तिघे कार्यकर्ते मारले गेले. त्यांतला जेम्स चेनी मिसिसिपीचाच, एकवीस वर्षांचा काळा तरुण. त्याला उन्हाळा संपवून परत जायला दुसरे गाव नव्हते.

भाऊराव पाटलांना हा हिशेब फार लवकर कळला होता, असे मला वाटते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण : हे आपण भाषणांत सांगतो. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, हेही सांगतो. परंतु पंगतीतले अन्न कुठून येई, ते कमी सांगतो. गावोगावच्या बायकांच्या मूठमूठ धान्यातून, आणि मुलांच्या स्वतःच्या श्रमांतून. ‘कमवा व शिका’ यातला ‘कमवा’ आधी येतो. जातीची भिंत पाडायला आलेल्या मुलाने उपाशी राहून ती पाडावी, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आज त्यांच्याच जिल्ह्यांत आपण सामाजिक न्यायाचे शिक्षण फुकट श्रमांवर देऊ पाहत आहोत, आणि त्याला अनुभवसमृद्धी असे नाव देत आहोत.

दुसऱ्या वर्षी आम्ही एवढेच केले. विभागातल्या शिक्षकांनी वर्गणी काढली, भाड्याचे आणि दुपारच्या जेवणाचे पैसे दिले, आणि सलग पंधरा दिवसांऐवजी तास जानेवारीपासून शनिवार-रविवारी वाटून दिले. मजुरी भरून निघेल एवढी रक्कम अजून जमत नाही. महाविद्यालयाच्या कमवा व शिका निधीतून या तासांचे पैसे द्यावेत, असा अर्ज आम्ही केला आहे. त्यावर ‘हे काम महाविद्यालयाच्या आवारातले नाही’ असा शेरा मारून तो परत आला. खुलासा जोडून तो पुन्हा पाठवला आहे. केटरिंगला जाणारा तो मुलगा यंदा परत आला, मोडीही शिकतो आहे. येत्या उन्हाळ्यासाठी अकरा नावे आली आहेत, आणि त्यांतल्या चौघांच्या नावापुढे मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : लग्नसराई आटोपल्यावर.